नखशिळा

त्या शिळेवर पाय ठेवू नका. बसायचं असेल तर इकडे चिंचेखाली या, सावली आहे. चपला काढायला नकोत, तिथे काही देव नाही. पाय तेवढा ठेवू नका.

आता जरा वाकून बघा. सबंध दगडावर खुणा आहेत ना? भिजवलेल्या कणकेवर नख टेकवलं की उमटते तशी एकेक. मागे कॉलेजातले एक सर मुलं घेऊन आले होते. ते म्हणाले, पुराच्या वाळूनं दगड झिजतो, त्याच्या या खुणा. असतील. शिकलेला माणूस आहे, उगाच कशाला बोलेल. आमच्या खडकोशीत मात्र तिला नखशिळा म्हणतात आणि तिची गोष्ट निराळी सांगतात. फोटो हवे तेवढे काढा. खुणा मोजू नका. लहान पोरांनाही आम्ही मोजू देत नाही.

ही समोर पसरली आहे ती मळई. नदी ओसरली की गाळ उघडा पडतो, त्यात पौषात डांगराच्या बिया टोचतात. डांगर म्हणजे तुमचा लाल भोपळा हो. तुम्ही बाजारातून पाव किलोची फोड आणता, तेव्हा तो कधी पिकला, कुणी तोडला, याच्याशी तुमचं काही देणंघेणं नसतं. इथे त्याच्यावर माणसं जगली आहेत. पूल आत्ता झाला, माझ्या डोळ्यांदेखत. त्याआधी आषाढ लागला की नदी फुगायची ती दसऱ्याशिवाय उतार द्यायची नाही. मागे कडा, पुढे पाणी. घरात असेल ते खायचं. नाचणी श्रावणापर्यंत पुरली तर देवाची कृपा, आणि नंतर माळ्यावरची डांगरं. नीट पिकलेलं डांगर देठासकट कापून, उन्हात तापवून, पेंढ्यावर एकमेकाला टेकू न देता ठेवलं तर दसऱ्यापर्यंत त्याला काही होत नाही. कच्चं तोडलं तर महिन्याभरात पाणी सुटतं.

आणि पिकलं कधी, हे रंगावरून कळत नाही. रंग आधीच चढतो, नवख्या माणसाला तिथेच फसवतो. देठाशेजारी एक कुरळा ताणा असतो, तो आधी वाळावा लागतो. मग देठ. देठ हिरवा आहे तोवर वेल त्याला पाजत असते. तो कोरडा पडून भेगाळला, सालीची चकाकी जाऊन ती पिठूळ दिसायला लागली, की मग शेवटची परीक्षा नखाची. अंगठ्याचं नख टेकवून दाबायचं. साल दबली, ओल आली, तर अजून नाही. नख नुसतं सरकलं, तर झालं. पण कच्च्या डांगराला नख लागलं की ते तिथूनच नासतं. म्हणून उठसूट बायकांनी नखं लावत फिरायचं नाही. गावात एकच बाई लावते. तिला नखाची मानकरीण म्हणतात.

ही रीत फार जुनी आहे. पण आताची जी अट आहे, ती पूर्वी नव्हती. ती अट कशी आली, त्याचीच ही गोष्ट. राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका. माझ्या सासूनं तिच्या सासूकडून ऐकलेली आहे.

त्या वेळी म्हणे मानकरीण होती आवडाई. विधवा बाई. वयानं फार नव्हती, पण नख असं खरं, की तिनं सांगितलं आणि चुकलं, असं कधी झालं नाही. तेव्हा मान जन्मभराचा असायचा. मानकरीण जिवंत आहे तोवर दुसरीनं नख लावायचं नाही, आणि वेली सुटेपर्यंत, म्हणजे डांगरं कापून होईपर्यंत, मानकरणीनं गाव सोडायचं नाही. सगळी मळई गावकीची. ज्या दिवशी ती सांगेल त्या दिवशी सगळी डांगरं एकदम कापायची आणि घरटी वाटून घ्यायची. आधी कुणी एकही तोडायचं नाही. ती मळईत उतरायची तेव्हा बाकीचे वर काठावर थांबायचे, तेही पाठ करून. तिनं नख लावायचं, त्या जागी हळद भरायची आणि म्हणायचं, "देठ सोडा." मग सगळ्यांनी वळायचं आणि विळे घेऊन उतरायचं.

आवडाईला दोन मुली. दोघी नदीपलीकडे दिलेल्या, कारण इकडे आहेच कोण द्यायला. थोरली पहिल्या बाळंतपणात गेली, ऐन श्रावणात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळीकडे आहे, पण पावसाळ्यात गरोदर बाईला खडकोशीत आणायला कुणी धजत नसे. अडली तर पलीकडून सुईण आणता येत नाही. तर ती सासरीच अडली आणि गेली. आई इकडे. आईला ते कळलं दसऱ्याला, नदीला उतार मिळाल्यावर. मधले सगळे दिवस ती बाई बाळंतविडा शिवत बसली होती. टोपरं, दुपटं, झबली. असं सांगतात की त्यानंतर तिनं नदीकडे तोंड करून कधी घास खाल्ला नाही.

पुढे धाकटीला, लाडीला, दिवस गेले. आणि तेही नेमके आषाढातले भरत होते.

आवडाईनं मनाशी ठरवलं होतं, वेली सुटल्या की त्याच दिवशी पलीकडे जायचं. दर वर्षी वैशाख सरता सरता देठ वाळायचे, मृगाला अजून अवकाश असायचा, म्हणजे वेळ पुष्कळ होता. पण त्या वर्षी थंडी लांबली. बिया उशिरा रुजल्या, फुलं उशिरा आली. वैशाख संपला तरी ताणे हिरवेगार. ज्येष्ठ उजाडला. पश्चिमेला रोज ढग दिसायला लागले, आणि पलीकडून निरोप आला की लाडीच्या पायांना सूज आहे, चेहराही सुजला आहे. थोरलीचं अगदी असंच झालं होतं.

ती पाटलाकडे गेली. पाटलाचं नाव हैबती. वाईट माणूस नव्हता. तशी या गोष्टीत वाईट असं कुणीच नाही, म्हणून तर ती सांगणं अवघड जातं.

"पाटील, यंदा माझ्या जागी दुसरीला नख लावू द्या," ती म्हणाली. "माझी पोर सुजून बसली आहे. मला जाऊ द्या."

पाटलानं पश्चिमेच्या ढगांकडे बघितलं. मग म्हणाला, "आवडाई, तू जिवंत असताना दुसरीचं नख कसं लावायचं? कुणाचं मन मानेल? आठ-दहा दिवस कळ काढ. ताणे वाळत आले असतील."

"आणि नदी आली तर?"

"नदी आली तर डांगरंही गेली आणि आपणही गेलो. मग तुझी पोर काय अन् माझी काय."

तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. पण रीत मोडायचा धीर त्यानं केला नाही. तो त्यानं केला असता, तर आज हा दगड नुसता दगड असता. हे मी म्हणत नाही, माझी सासू म्हणायची. ती पाटलावर फार चिडून असायची, एवढी की ऐकणाऱ्याला वाटावं कालच शेजारी राहून गेलाय.

ती घरी आली. रात्रभर तिनं काय केलं ते कुणी सांगत नाही, कारण ती एकटीच राहायची. सकाळी तिनं हळदीची वाटी घेतली आणि गावाला सांगितलं की आज नख लावते.

लोक आनंदले. सगळे ढगांकडे बघून धास्तावलेलेच होते. काठावर जमले, पाठ करून उभे राहिले. आवडाई मळईत उतरली. जुन्यातल्या जुन्या वेलीवरच्या मोठ्या डांगरापाशी बसली. ताणा हिरवा होता. देठ हिरवा होता, हाताला गार लागत होता. तरी तिनं नख टेकवलं. कदाचित तिला वाटलं असेल, एखाद्या वेळी चमत्कार व्हावा. आपण नाही का, डबा रिकामा आहे हे माहीत असून उघडून बघत. नख आत गेलं. पाण्याचा थेंब वर आला. तो तिनं अंगठ्यानं पुसला आणि वर हळद दाबून भरली.

आणि म्हणाली, "देठ सोडा."

लोक वळले आणि विळे घेऊन उतरले. आता तुम्ही विचाराल, त्यांना दिसलं नाही का? दिसलं की. शेतकरी माणसं, त्यांना हिरवा देठ कळत नाही होय? विळा लावला की देठातून चीक गळत होता. हैबती पाटलाचे हात चिकट झाले म्हणे. त्यानं ते धोतराला पुसले आणि पुढचं डांगर धरलं. मानकरणीचा शब्द पडलेला, त्यावर बोलायचं कुणी? आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनाच ते काम उरकायला हवं होतं. प्रत्येकानं मनात म्हटलं असेल, तिला कळतं, आपल्याला काय कळतं. आमच्या गावात ही एक खोड आहे, अजून आहे. मान दिला की डोळे मिटून देतात.

दुपारी आवडाई बोचकं घेऊन निघाली. शेजारच्या सगुणेनं तिला भाकरी बांधून दिली. सगुणेच्या कडेवर तिची लेक होती, दीडेक वर्षाची, आवडाईच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पोरीनं आवडाईचा पदर धरला, सोडेना. तेव्हा आवडाई तिला म्हणाली, "तुझ्यासाठी बाळ आणते हो." आणि नदी ओलांडून गेली. दोन दिवसांत पाणी आलं.

तिकडे लाडी अडली खरी. पण आई उशाशी होती, आईनं सुईण आधीच आणून बसवली होती. दोन जीव वाचले. मुलगा झाला. आवडाईनं जे मागितलं होतं ते तिला मिळालं, पुरेपूर मिळालं. देव काही कंजूष नव्हता.

इकडे आषाढ अर्धा झाला आणि घरांतून वास यायला लागला. आधी वाटलं उंदीर मेला असेल. मग माळ्यावरून चुलीवर थेंब पडायला लागले. वर चढून बघितलं तर डांगरं खालून बसलेली, हात लावला की बोटं आत. लोकांनी चांगली-वाईट निवडली, चांगल्यातली चिरून उकडून खाल्ली. तीही पाणचट, ना गोडी ना बळ. आठवड्यानं त्यातलीही गेली. त्या वर्षी नाचणी बेताचीच होती. श्रावणात ती संपली. मग बी-बियाणं खाल्लं. मग रानातले कंद खणून आणले, धीर निघत नव्हता म्हणून अर्धेकच्चे खाल्ले, त्यानं पोटं बिघडली. पलीकडे गावं होती, त्या गावांत धान्य होतं. धूर दिसायचा त्यांच्या चुलींचा. मध्ये पाणी.

आधी लहान पोरं गेली, मग म्हातारी माणसं. सगुणेची लेक श्रावण सरताना गेली. हैबती पाटलाची आई गेली. किती गेली हे कुणी सांगत नाही. हे बघा, आम्ही ते मोजत नाही म्हटलं ना, ते याच्यासाठी. ज्याच्या त्याच्या घरातलं ज्याला त्याला ठाऊक.

भाद्रपदात एक दिवस उघडीप पडली. पाणी तसंच होतं, पण ऊन पडलं. आणि पलीकडच्या काठावर आवडाई आली.

ती नातवाला घेऊन आली होती. गावाला दाखवायला. हौसेनं आली होती हो, दुसरं काय. तिला वाटलं असेल, डांगरं थोडी नासली असतील, लोक चार शिव्या देतील, पण पोर वाचली हे बघून राग जाईल. नदीचा आवाज एवढा, की या काठाचं त्या काठाला काही ऐकू जाणं शक्य नाही. तिनं हाक मारली असेल, इकडे नुसतं तोंड हलताना दिसलं. मग तिनं बाळ दोन्ही हातांनी वर उचललं, सगळ्यांना दिसावं असं.

इकडून लोक गोळा झाले, जे चालू शकत होते ते. कुणी हात वर केला नाही. नुसते बघत राहिले. आवडाईनं पुन्हा बाळ उचललं. तेव्हा सगुणा घरात गेली. तिच्याकडे एक नासकं डांगर राहिलं होतं, टाकायचंही त्राण नव्हतं म्हणून राहिलेलं. ते तिनं उचलून आणलं. काठाच्या पार कडेला आली, आणि आवडाईनं जसं बाळ उचललं होतं तसंच ते डांगर दोन्ही हातांनी वर उचललं. ते मधेच फुटलं, तिच्या तोंडावरून, अंगावरून ओघळलं. तिनं पुसलं नाही. हात तसेच वर धरून उभी राहिली.

पलीकडे आवडाई खाली बसली. मांडीवर पोर, आणि बसूनच राहिली. ऊन गेलं तशी कुणीतरी येऊन तिला घेऊन गेलं.

दसऱ्याला उतार मिळाला तशी ती परत आली. लाडीनं, जावयानं पाय धरले, जाऊ नको म्हणाले. ती एकटीच आली. येताना डोक्यावर दाण्याचं गाठोडं होतं. गावातून चालत गेली, तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, वाटेत आडवं कुणी आलं नाही. तिला वाटत होतं कुणीतरी यावं. ती स्वतःच पाटलाकडे गेली आणि म्हणाली, "मला काय ती शिक्षा द्या."

पाटील ओट्यावर बसला होता. पार वाळून गेला होता. तो म्हणाला, "आवडाई, देठाचा चीक माझ्या हाताला लागला होता. मी गप्प बसलो. तुला शिक्षा देऊ, तर मला कोण देणार?"

मग ती सगुणेच्या दारात गेली. गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. सगुणेनं ते घेतलं, घरात आणखी दोन पोरं होती, घेण्यावाचून इलाज नव्हता. पण ती एक शब्द बोलली नाही. शेवटपर्यंत बोलली नाही. शेजारी शेजारी राहून, एका पाणवठ्यावर पाणी भरून. माझी सासू म्हणायची, शिक्षा ती हीच.

पुढच्या पौषात पलीकडून बिया आणून पुन्हा टोचल्या. माणसं कितीही गेली तरी ते चुकत नाही. वैशाख आला, ताणे वाळले, देठ भेगाळले. मानकरीण अजून तीच होती, जिवंत होती ना. लोकांनी तिला बोलावलं नाही, पण दुसरी कुणी पुढेही झाली नाही. शेवटी ती आपणहून मळईत उतरली. या खेपेला कुणी पाठ केली नाही. सगळे बघत होते. तिनं नख टेकवलं आणि नख आत गेलं.

लोक म्हणाले, असेल, थांबू. चार दिवसांनी पुन्हा लावलं, पुन्हा आत. दुसऱ्या डांगराला लावलं, आत. देठ तर एवढा सुकला होता की वाजत होता. पाटलानं स्वतः आपलं नख लावून बघितलं, त्याचं सरकलं. त्याच्या शेजारी आवडाईनं लावलं, तिचं लोण्यात जावं तसं गेलं. तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि तिलाही. जे कच्चं होतं त्याला ती पिकलं म्हणाली होती. आता तिच्या नखाला काहीच पिकलेलं लागणार नव्हतं. असं सांगतात की मग ती वेड्यासारखी जे दिसेल त्याला नख लावत सुटली. चिंचेच्या बुंध्याला, नांगराच्या फाळाला. सगळीकडे नख आत जाई. शेवटी ती या शिळेपाशी येऊन बसली आणि दगडाला नख लावलं. दगडही तिला मऊ लागला.

त्या दिवशी डांगरं पाटलाच्या नखावर कापली. आवडाई इथेच बसून राहिली. गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायची आणि दगडात एक नख रुतवायची. आधी सगुणेच्या लेकीचं. या खुणा त्या आहेत. लोक येऊन भाकरी ठेवून जात. कधी खाई, कधी कुत्री खात. कुणी बोलायला गेलं तर एकच सांगायची, "ज्या बाईचं पलीकडे कुणी असेल, तिचं नख लावू नका. ती खोटं बोलेल. मी सांगते ना, ती बोलेलच."

आषाढात पाणी चढायला लागलं. ती उठली नाही. पाटील ओढायला आला, दोर घेऊन आला म्हणे, पण ती शिळेला अशी बिलगली की नखं दगडात रुतलेली. सगुणाही आली होती. वर काठावर उभी होती. बोलली नाहीच. पण पाणी ओसरेपर्यंत रोज येऊन उभी राहायची, असं सांगतात. पाणी उतरलं तेव्हा शिळा होती, खुणा होत्या, आवडाई नव्हती.

लाडी इकडे पुन्हा कधी आली नाही. तिच्या वंशाची माणसं पलीकडच्या एका वाडीत आहेत. भली माणसं आहेत. ती डांगर खात नाहीत, बाकी सगळं खातात.

तर अशी ती अट आली. मानकरीण जन्मभराची नाही, दर वर्षी ठरवायची. आणि तीच बाई घ्यायची, जिचं नदीपलीकडे कुणी नाही. लेक नाही, लेकरू नाही, भाऊ नाही, माहेर नाही. पूर्वी अशी बाई गावात एखादी असायचीच. कुणी बालविधवा, कुणाचं माहेरच बुडालेलं. तिला बाकी वर्षभर कुणी विचारत नसे, पण वैशाखात सगळं गाव तिच्या दारात. माझ्या आठवणीत सावळाकाकू होती. शुभकार्यात तिला मागे बसवायचे आणि मळईत पुढे घालायचे. ती चेष्टेनं म्हणायची, "माझं कुणी नाही म्हणून तुम्ही सगळे जेवताय." आम्ही हसायचो. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काय होतं.

सावळाकाकू गेली आणि पंचाईत झाली. पूल झालेला. आता पलीकडे कुणी नाही असं घर दाखवा. सगळी पोरं पलीकडे, कुणी कारखान्यात, कुणी गाडीवर. गेली दोन वर्षं डांगरं मळईत तशीच राहिली. पिकली, देठ वाळले, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, पण विळा कुणी लावला नाही. नदी आली आणि घेऊन गेली. तरणी पोरं म्हणाली, सोडा ही अट, आता कुठे उपास पडतोय, दुकानात सगळं मिळतं. मिळतं, खरंच मिळतं. पण जिची पोरं पलीकडे आहेत अशी एकही बाई मळईत उतरायला तयार झाली नाही. मीसुद्धा नाही. मला विचारलं होतं की. मी म्हटलं, मला कशाला विचारता, माझा लेक सुदाम आहे पलीकडे.

आजही खडकोशीत रीत तीच आहे. बाकीचे काठावर थांबतात, आता पाठ करत नाहीत, तोंड इकडे करून उभे राहतात, मानकरणीच्या हाताकडे बघत. आधी तिनं या शिळेपुढे यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, पलीकडे माझं कुणी नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग उतरायचं.

या समोरच्या वेली मोकळ्या दिसतात ना तुम्हाला? यंदा डांगरं कापली. गेल्या आठवड्यात.

माघात माझा सुदाम गेला. कावीळ झाली, दवाखान्यात नेला, पण उशीर झाला होता. लग्न व्हायचं होतं त्याचं. एकुलता एक. मला भाऊ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. बायका समाचाराला येऊन गेल्या, रडल्या माझ्याबरोबर, आठवडाभर माझी चूल त्यांनीच पेटवली. चांगल्या आहेत, मी नाव ठेवणार नाही. मग वैशाखाच्या अखेरीस एका सकाळी त्या पुन्हा दारात आल्या. सगळ्या मिळून. कुणी आत येईना, कुणी बोलेना. पुढे होती तिच्या हातात हळदीची वाटी होती. ती तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि खाली बघत उभी राहिली. मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, बसा गं, चहा टाकते. मग वाटीकडे लक्ष गेलं.

या शिळेपुढे उभं राहून मी ते म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा काठावरच्यांना ऐकू गेलं नाही. मग मळईत उतरले. ताणा वाळला होता, देठ वाळला होता. मी अंगठा टेकवला आणि दाबला. आवडाईचा हात कापला असेल त्या वेळी, नक्की कापला असेल. माझा कापेल म्हणून मी वाट बघत होते. तो जरासुद्धा हलला नाही. नख सरळ सरकलं.

मी "देठ सोडा" म्हणाले आणि तिथेच बसून रडले. लोकांना वाटलं, मानाचं रडू आलं.